गरवं भात फेब्रुवारीत टाकलं तर निसवत का नाही?

तुमची हकीकत मी दोनदा वाचली. एकच बी दोन वेगळ्या तारखांना टाकलं आणि त्याचं पुढे काय झालं, याची इतकी नीट नोंद फार कमी वेळा हाती येते. उत्तर देण्याआधी ती हकीकत माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर तुम्हाला दुरुस्त करता येईल.

रोहा-माणगाव पट्ट्यात तुमची खाचरं आहेत. आजीच्या वेळेपासून घरात एक गरवं, म्हणजे उशिरा पिकणारं, भात आहे. पावसाळ्यात ते दरवर्षी ऑक्टोबरच्या मध्याला फुलतं आणि नोव्हेंबरच्या मध्याला कापणीला येतं. यंदा पाणी मिळालं म्हणून तुम्ही तेच बी १५ फेब्रुवारीला रोपासाठी टाकलंत आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात लावणी केलीत. आता जून लागला. भात छातीला आलंय, फुटवे दाट आहेत, पानं काळीभोर हिरवी आहेत आणि लोंबी बाहेर पडलेली नाही, म्हणजे भात निसवलेलंच नाही. बांधाकडच्या आठ-दहा चुडांना एप्रिलअखेर तुरळक लोंब्या आल्या, तेवढ्याच. तुमच्याच कणगीतलं बी मेहुण्यांनी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकलं होतं. त्यांचं भात बुटकं राहिलं, लोंब्या आखूड आल्या, पण एप्रिलच्या मध्याला कापून झालं. म्हणून तुम्ही विचारता: बी भेसळीचं होतं का? युरिया जास्त झाला का? दुकानात सुचवलेलं फुलोऱ्याचं औषध मारू का? आणि हल्ली जनुकं बदलता येतात म्हणतात, तर हे भात ठरावीक दिवसांत येणारं करता येईल का?

बी भेसळीचं नाही. युरियानं आठवडाभर उशीर होऊ शकतो, चार महिने नाही. तुमचं भात निरोगी आहे आणि त्याच्या स्वभावाप्रमाणे वागतंय. घोटाळा आपल्या मोजण्याच्या पद्धतीत आहे. बियाण्याच्या पिशवीवर १२० दिवस, १४५ दिवस असे आकडे छापलेले असतात, त्यामुळे प्रत्येक वाणाला दिवसांचा एक ठरलेला हिशोब असतो असं आपण धरून चालतो. हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, वाणांना तो बऱ्यापैकी लागू पडतो. जुन्या गरव्या वाणांपैकी बऱ्याच वाणांना मात्र तारीख असते. तुम्ही जूनमध्ये पेरा नाहीतर जुलैमध्ये, ते आपल्या तारखेच्या आसपासच फुलतं.

कोकणातली जुनी माणसं भाताचं वेळापत्रक नक्षत्रांवर सांगत: रोहिणीत धूळवाफ पेरणी, आर्द्रा-पुनर्वसूत लावणी, चित्रेत गरवं फुलोऱ्यावर. शेतकरी ज्या नक्षत्रांवर पेरतो ती सूर्याची नक्षत्रं. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो, चित्रा १० ऑक्टोबरच्या सुमाराला. अधिक महिना आला, दिवाळी पुढे सरकली, तरी ती हलत नाहीत. दिवस-रात्रीची लांबीसुद्धा सूर्याच्या जागेवरच ठरते आणि भाताचं रोप नेमकं तेच मोजतं. आपल्या आज्यांनी चित्रा नक्षत्र आणि गरव्याचा फुलोरा एका वाक्यात जोडला होता, त्याच्यामागचं कारण वनस्पतिशास्त्राला १९२० साली सापडलं. त्या वर्षी गार्नर आणि अ‍ॅलार्ड या दोन अमेरिकी संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीनवर काम करून दाखवलं की फुलोऱ्याची वेळ दिवसाच्या लांबीवर ठरते. पुढे कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं: सलग, न तुटलेला अंधार किती तास मिळाला ते.

आता तुमच्या गावचा हिशोब करू. तुमच्याकडे २१ जूनचा दिवस सव्वातेरा तासांच्या आत-बाहेर असतो आणि २२ डिसेंबरचा साधारण ११ तासांचा. वर्षभरातला फरक जेमतेम सव्वादोन तास. एवढ्याशा फरकात भात काय ओळखणार, असं वाटेल. पण जपानमधल्या एका प्रयोगात २०१० साली असं दिसलं की दिवसाच्या लांबीत अर्ध्या तासाचा फरक पडला तरी भाताच्या पानात फुलोऱ्याचा निरोप तयार होण्याचं प्रमाण दहापटीहून जास्त बदलतं. आपल्या डोळ्यांना न जाणवणारा फरक रोपाला ठळक दिसतो.

भाताच्या आयुष्याचे तीन तुकडे धरा. शेवटचे दोन सगळ्या वाणांत जवळपास सारखे असतात: लोंबी पोटात धरल्यापासून फुलेपर्यंत साधारण ३५ दिवस, फुलल्यापासून पिकेपर्यंत साधारण ३०. वाणावाणांतला सगळा फरक पहिल्या तुकड्यात असतो, म्हणजे उगवल्यापासून लोंबी धरेपर्यंतच्या काळात. त्यातही आधी एक पोरवय असतं. तेवढ्या दिवसांत रात्र कितीही लांब असली तरी रोप ऐकत नाही. पोरवय संपलं की ते रात्रीची लांबी बघायला लागतं.

आता उलटं मोजा. पावसाळ्यात तुमचं भात १५ ऑक्टोबरला फुलतं, म्हणजे लोंबी १० सप्टेंबरच्या सुमाराला धरली जाते. तेव्हा तुमच्याकडे दिवस १२ तास २० मिनिटांच्या आसपास असतो आणि रोज थोडा थोडा आखडत असतो. मेहुण्यांचं रोप डिसेंबरमध्ये उगवलं. जानेवारीत त्याचं पोरवय संपलं तेव्हा दिवस सव्वाअकरा तासांचा, म्हणजे मनाजोगती लांब रात्र समोर हजर. त्यानं लगेच लोंबी धरली, मार्चच्या मध्याला फुललं, एप्रिलच्या मध्याला पिकलं. पण अंग धरायला वेळच मिळाला नव्हता, म्हणून बुटकं राहिलं आणि लोंबी आखूड आली.

तुमचं रोप फेब्रुवारीच्या मध्याला उगवलं. मार्चमध्ये उपटून लावताना ते आठवडाभर थबकलं असणार. पोरवय संपेपर्यंत मार्च संपला. १ एप्रिलला तुमच्याकडे दिवस पुन्हा १२ तास २० मिनिटांच्या जवळ असतो. आकडा सप्टेंबरचाच, पण दिशा उलटी. सप्टेंबरमध्ये प्रत्येक रात्र आदल्या रात्रीपेक्षा मोठी असते, त्यामुळे निरोप रोज पक्का होत जातो. एप्रिलमध्ये प्रत्येक रात्र लहान होत जाते, त्यामुळे निरोप रोज विरत जातो. तुमचं भात दारापाशी पोहोचलं तेव्हा दार बंद होत होतं. बांधाकडची जी आठ-दहा चुडं थोडी पुढे होती, त्यांना आत शिरायला सापडलं असावं. बाकीच्यांना आता पुढच्या दारापर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत थांबावं लागणार आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. तुमच्या वाणाचं पोरवय नेमकं किती आणि त्याची रात्रीची अट नेमकी किती, हे मला पेरून बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. घराघरातलं गरवं वेगळं असतं. काही गरवी वाणं रात्र मोजतच नाहीत. त्यांचं पोरवयच लांबलचक असतं, म्हणून ती उशिरा येतात. तुमची तारखांची नोंद मात्र रात्र मोजणाऱ्या वाणाशी इतकी चपखल जुळते की मला फारशी शंका वाटत नाही.

हा धडा मी स्वतः पिकात उभं राहून शिकलो. भात पैदासकार म्हणून कामाला लागल्याच्या दुसऱ्या वर्षी मला एका सुवासिक गरव्याचा एका हळव्या वाणाशी संकर करायचा होता. नोंदवहीत गरवं १५० दिवसांचं होतं आणि हळवं ११० दिवसांचं. दोन्ही एकाच वेळी फुलावीत म्हणून मी जानेवारीच्या शेवटी गरवं टाकलं आणि ४० दिवसांनी हळवं. जूनमध्ये हळवं फुललं, पिकलं, संपलं. गरव्याच्या कुंड्यांत नुसतं गवत माजलेलं. माझे वरिष्ठ आले, कुंडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्याला खत नको, त्याला अंधार दे." दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ५ वाजता कुंड्या अंधाऱ्या खोलीत ठेवायच्या आणि सकाळी ८ ला बाहेर काढायच्या, असा क्रम चालवला. तीन आठवड्यांनी एक फुटवा चिरून पाहिला, तर बुडाशी लोंबीचा पांढरा, केसाळ ठिपका तयार होता. तोही ऐन जुलैमध्ये. तेव्हापासून कुठल्याही वाणाचा कालावधी कानावर आला की मी पहिल्यांदा पेरणीची तारीख विचारतो.

याच्या उलटं उदाहरण तुम्हाला तुमच्या भागातच दिसेल. रस्त्याकडेच्या दिव्याखालच्या खाचरात ऑक्टोबरमध्ये सगळं शेत निसवलेलं असतं आणि दिव्याखालचा अर्धगोल तेवढा हिरवा राहिलेला असतो. दिव्याच्या उजेडानं तिथली रात्र मोडते. तिथे लोक रोग समजून फवारण्या करतात. दिव्याला शेताच्या बाजूनं पत्र्याचा आडोसा लावला की पुरतं.

आता जनुकांकडे येतो, कारण तुमचा शेवटचा प्रश्न त्यांच्याशिवाय सुटत नाही. उजेड-अंधार कळतो तो पानाला. पानात फायटोक्रोम नावाची प्रथिनं असतात, ती उजेड टिपतात. रोपाचं स्वतःचं एक अंतर्गत घड्याळही असतं. घड्याळात संध्याकाळ झाली असताना बाहेर अजून उजेड आहे की अंधार पडलाय, या मेळावरून पान दिवस लांब आहे की आखूड ते ठरवतं. आखूड ठरला तर पानात एक छोटं प्रथिन तयार होतं, ते खोडातून उतरून वाढीच्या टोकाशी जातं आणि पानं काढणाऱ्या टोकाला लोंबी काढायला लावतं. असा काहीतरी निरोप पानातून जात असला पाहिजे असं चैलाख्यान या सोव्हिएत शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकातच मांडलं होतं आणि त्याला फ्लोरिजेन असं नाव दिलं होतं. तो निरोप म्हणजे नेमकं काय, हे कळायला सत्तर वर्षं लागली. २००७ साली जपानी गटानं भातातच दाखवून दिलं की एचडी-३ए या जनुकाचं प्रथिन पानात बनतं आणि टोकाशी जाऊन पोहोचतं. त्याचं एक भावंडही आहे, आरएफटी-१.

हा निरोप सोडायचा की अडवायचा, हे ठरवणारी जनुकं वेगळी. त्यांतलं पहिलं हाती लागलं ते एचडी-१, २००० साली, जपानमधल्या मासाहिरो यानो यांच्या गटाला. याचा स्वभाव दुहेरी आहे. दिवस आखूड असेल तर ते निरोप सोडायला लावतं, दिवस लांब असेल तर तेच निरोप अडवून धरतं. दुसरं ईएचडी-१, ते निरोपाला चालना देणारं. तिसरं जीएचडी-७, लांब दिवसांत ब्रेक दाबणारं. चीनमध्ये वुहानच्या संशोधकांनी २००८ साली ते शोधलं, तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जीएचडी-७ जिथे जोमात काम करतं तिथे भात उशिरा फुलतं, उंच होतं आणि लोंबीत दाणे जास्त धरतात. उशीर, उंची आणि दाण्यांची संख्या, तिन्ही एकाच जनुकाच्या हातात. मेहुण्यांच्या लोंब्या आखूड का आल्या, याच्याशी हे जोडून बघा. ज्या भाताला थांबायची सवय आहे, ते थांबलेल्या काळात ताकद साठवतं. थांबायला मिळालं नाही की दाणे कमी.

यानोंच्या गटाला एचडी-१ सापडलं कसं, यात आपल्याला शिकण्यासारखं खूप आहे. त्यांनी निप्पोनबारे या जपानी वाणाचा कासलाथशी संकर केला. कासलाथ हा आपल्या भारतीय उपखंडातला, औस गटातला वाण. औस म्हणजे बंगालकडचं ते भात, जे वसंतात पेरतात आणि पावसाळ्यातच कापतात. त्याला वर्षातल्या सगळ्यात लांब दिवसांत फुलावं लागतं. ते जर रात्रीची वाट बघत बसलं तर पिकणारच नाही. कासलाथमध्ये एचडी-१ मोडलेलं निघालं. शेकडो वर्षं बंगालच्या शेतकऱ्यांनी पावसाळ्यात पिकणारी लोंबी निवडून बी राखलं, आणि तसं करताना हे मोडलेलं जनुक त्यांनी हातांनी वेचून घेतलं, नाव माहीत नसताना. तुमच्या आजीनं नेमकं उलटं वेचलं: पाऊस ओसरल्यावर फुलणारं, ब्रेक शाबूत असलेलं.

आणि ते का वेचलं असेल, याचा विचार करा. कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये फुललेल्या भाताचे पराग पावसानं धुपतात, दाणे पोचट राहतात. खोलगट खाचरातलं पाणी सप्टेंबरअखेर उतरायला लागतं. ऑक्टोबरच्या मध्याला फुललं की कोरडी हवा मिळते, दाणा नोव्हेंबरच्या गार रात्रींत भरतो आणि कापणीला चिखल नसतो. सुवासिक भाताचा वास गारव्यात भरलेल्या दाण्यात चांगला टिकतो, हेही खरं. मृगाचा पाऊस लांबला, लावणी जुलैअखेरीवर गेली, तरी हे भात आपल्या तारखेला फुलणार. अशा वर्षी ठरावीक दिवसांचं हळवं वाण जितकं उशिरा लावाल तितकं उशिरा येतं, आणि गादीवाफ्यावर रोप जास्त दिवस अडकलं तर लावल्यावर नीट फुटवे न फुटताच निसवून बसतं. रात्र मोजणाऱ्या गरव्याचं चाळीस-पन्नास दिवसांचं रोपसुद्धा निभावून नेतं. म्हणून मी या स्वभावाला दोष म्हणत नाही. बेभरवशाच्या पावसात तो विम्यासारखा उपयोगी पडतो.

मग पैदासकारांनी तो काढून का टाकला? कारण त्यांना एकच वाण वर्षातून दोनदा आणि वेगवेगळ्या देशांत पिकायला हवं होतं. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं १९६६ साली आयआर-८ दिलं. ते बुटकं होतं म्हणून सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण ते दिवसाच्या लांबीकडे फारसं बघत नव्हतं, हे तितकंच मोठं होतं. आपल्याकडे १९६८ साली आलेली 'जया' दोन्ही हंगामांत चालली ती याच गुणावर. १९८७ मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलेली 'इंद्रायणी' म्हणजे आंबेमोहर १५७ आणि आयआर-८ यांचा संकर: वास एकाचा, ठेवण दुसऱ्याची.

ही गोष्ट भातापुरती नाही. गव्हाचा स्वभाव भाताच्या उलटा, त्याला फुलायला लांब दिवस हवे असतात. गव्हाचे पैदासकार बोरलॉग यांनी मेक्सिकोत एकाच वर्षात दोन पिढ्या वाढवायच्या म्हणून बी उत्तरेतल्या याकी खोऱ्यातून दक्षिणेतल्या उंचावरच्या तोलुकाला आणि परत असं फिरवलं. दोन्हीकडे जे पिकलं तेच उरलं, आणि जे उरलं ते दिवसाची लांबी न बघणारं निघालं. म्हणून तो गहू पुढे भारतात आल्यावरही रुजला. त्या गुणाचं मूळ जपानच्या आकाकोमुगी या गव्हात आहे. इटलीचे गहू पैदासकार स्ट्राम्पेल्ली यांनी तो तिथल्या गव्हात आणला आणि तिथून तो मेंताना या वाणामार्फत मेक्सिकोत पोहोचला. ज्वारी पुन्हा भातासारखी. उष्ण प्रदेशातली ज्वारी टेक्ससमध्ये नेली की तिथल्या सव्वाचौदा-साडेचौदा तासांच्या उन्हाळी दिवसांत ती वाढतच राहायची आणि थंडी येऊन मरायची. ती लवकर फुलावी म्हणून तिची पक्वता ठरवणारी जनुकं बदलायचा मोठा कार्यक्रम तिथे १९६३ मध्ये सुरू करावा लागला.

आता तुमच्या शेताकडे. औषध मारू नका. त्यात जिबरेलिक आम्ल, म्हणजे झाडाची उंची वाढवणारं संप्रेरक, असेल तर भात आणखी उंच होऊन लोळेल. सूक्ष्म अन्नद्रव्यांनी पानं आणखी हिरवी दिसतील. पानातून निरोपच सुटलेला नसताना बाहेरून काही फवारून लोंबी येत नाही. खात्री हवी असेल तर पाच-सहा ठिकाणची चुडं उपटा, मुख्य फुटवा पात्यानं बुडापासून उभा चिरा. बुडाशी कांडी लांबायला लागली असेल आणि टोकाला पांढरा केसाळ ठिपका असेल, तर लोंबी धरली आहे आणि महिन्याभरात निसवेल. नुसती गुंडाळलेली पानं दिसली तर सप्टेंबरशिवाय काही होणार नाही. माझा अंदाज, पानंच दिसतील.

तसं असेल तर उभं पीक गुरांसाठी कापून घ्या. ऑक्टोबरपर्यंत ठेवायचा मोह होईल, कारण इतकं छान वाढलंय. पण आत्ताच छातीला लागलेलं भात जुलै-ऑगस्टच्या पावसात आडवं होणार, खाली कुजणार, आणि पावसाळी लावणीला खाचर मोकळं मिळणार नाही. कापा, नांगरा, याच वाणाचं नवं रोप या महिन्यात टाका. ते ऑक्टोबरमध्ये तुम्हाला पूर्ण पीक देईल.

पुढच्या उन्हाळ्याचं मात्र आत्ताच ठरवा. रोप १५ डिसेंबरच्या आत टाकता येणार असेल तर हे गरवं पिकेल, पण मेहुण्यांना मिळालं तेवढंच देईल. त्यासाठी एवढं पाणी घालणं मला पटत नाही. उन्हाळी लावायची तर हळवं घ्या, रात्र न मोजणारं: कर्जत-१८४, कर्जत-३, रत्नागिरी-१ यांसारखं. त्यांनाही थंडी लागते. डिसेंबर-जानेवारीच्या गार रात्रींत वाढ मंदावते, त्यामुळे पिशवीवरच्या आकड्यात दहा-पंधरा दिवस वाढवूनच पाण्याचा हिशोब करा. फेब्रुवारीच्या आधी पाण्याची खात्री नसेल तर त्या खाचरात वाल किंवा चवळीचा विचार करा.

जनुकं बदलून होईल का? होईल. दोन वाटा आहेत. जुनी वाट म्हणजे एचडी-१ मोडलेल्या वाणाशी संकर करायचा, मग पुन्हा पुन्हा तुमच्या गरव्याशीच मागे वळवत न्यायचं आणि प्रत्येक पिढीत पानाचा तुकडा तपासून हवं ते जनुक असलेली रोपं राखायची. पाच-सहा पिढ्या लागतात. नवी वाट जनुक संपादनाची. नेमकं तेच जनुक कापून बंद करता येतं. बाहेरचं जनुक न घालता केलेल्या अशा बदलांना भारतानं २०२२ साली जनुकबदल पिकांच्या कडक नियमांतून सूट दिली, आणि २०२५ च्या मे महिन्यात संपादित भाताची दोन वाणं जाहीरही झाली. तंत्र आहे. पण तुमच्या भातातला ब्रेक काढला तर ते ऑगस्टअखेर, भर पावसात फुलेल, दाणे कमी धरेल आणि ज्या गारव्यात त्याचा दाणा भरतो तो त्याला मिळणार नाही. मला विचाराल तर मी त्याला हात लावणार नाही. उन्हाळ्यासाठी लागणारी वाणं तयार आहेत. तुमच्या घरातलं गरवं मात्र दुसऱ्या कुणाकडे असेलच असं नाही.

त्यापेक्षा एक काम करा. खर्च काहीच नाही आणि उत्तर पक्कं मिळेल. घरचं बी तीन वेळा टाका: १० जून, १० जुलै आणि १ डिसेंबर. प्रत्येक वेळी वीस-पंचवीस रोपं पुरतात, कुंड्यांत लावलीत तरी चालेल. अर्धी रोपं निसवली ती तारीख लिहून ठेवा. जून आणि जुलैच्या रोपांत महिन्याचं अंतर असूनही ती आठवड्याभराच्या फरकानं निसवली, तर वाण रात्र मोजणारं. अंतर जवळजवळ महिनाभराचंच राहिलं, तर माझं वरचं निदान चुकलं असं समजा आणि मला कळवा, मग पोरवयाच्या बाजूनं पुन्हा विचार करू.

आणि एप्रिलमध्ये बांधाकडे आलेल्या त्या लोंब्या. त्या टाकून दिल्या नसतील तर कृपा करून घरच्या बियाण्यात मिसळू नका. बहुधा ती रोपं नुसतीच जरा पुढे होती. पण त्यांतल्या एखाद्यात ब्रेक सैल झालेला असू शकतो, आणि तसं बी मिसळलं तर चार-पाच वर्षांत तुमचं गरवं एका वेळी फुलेनासं होईल. प्रत्येक लोंबी वेगळ्या कागदात बांधा, वर तारीख घाला, आणि या जूनमध्ये घरच्या बियाण्याशेजारी एकेका लोंबीची एकेक ओळ लावा. सप्टेंबरमध्ये एखादी ओळ बाकीच्यांच्या तीन आठवडे आधी निसवली, तर ती ओळ कापू नका, आधी मला सांगा.